बासी ईदची सहल

बासी ईदला पोरं घरात थांबत नाहीत. आदल्या दिवशीचा शीरखुर्मा संपायच्या आतच "कुठं जायचं?" सुरू होतं. यंदा पलूसहून आम्ही नऊ जण गाडी करून आधी एका वॉटर पार्कला गेलो आणि परतताना सागरेश्वर अभयारण्यात. एकाच दिवशी दोन दारं पाहिली, म्हणून हे लिहितोय.

वॉटर पार्कच्या खिडकीवर नऊ तिकिटांचे पैसे घेतले. आत गेल्यावर आपाला आणि तिच्या मुलीला पाण्यापाशी अडवलं. सुती सलवार-कमीज चालणार नाही, नायलॉनचेच कपडे हवेत, ते भाड्यानं मिळतील. भाड्याचे कपडे अर्ध्या बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे. नियमाला माझी हरकत नाही. पण खिडकीवर कुणी सांगितलं असतं, तर आम्ही तिथूनच मागं फिरलो असतो. "बोर्ड लावलाय की," असं उत्तर मिळालं. बोर्ड होता, कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर! पैसे परत मागितले तर मॅनेजर जेवायला गेलेले. ते शेवटपर्यंत आलेच नाहीत. आपा चपला आणि पिशव्या राखत बसली. भाची चौदा वर्षांची. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "मामू, पुढच्या वेळी मला नका आणू."

तिथून कुंडलमार्गे सागरेश्वर. एकेकाळी हे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण चितळ, सांबर, काळवीट सगळं आहे. माथ्यावरून कृष्णाकाठचा ऊस नजर पोचेल तिथपर्यंत दिसतो.

गेटवरच्या माणसानं पैसे घ्यायच्या आधी सांगितलं, "पाणी इथंच भरून घ्या. रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. हरणांना काही घालायचं नाही. अंधारायच्या आत खाली या." अम्मीकडं बघून म्हणाला, "आजी, पुढं चढ आहे. झाडाखाली बसलात तरी चालंल." अम्मीनं असरच्या नमाजचं विचारलं, तर त्यानं नळ दाखवला आणि सावलीतली जागा स्वतः झाडून दिली. आमच्याच पोरानं वेफर्सचं पाकीट टाकलं, तेव्हा त्याला ते उचलायलाही लावलं. कुणालाच राग आला नाही.

पाहुण्याचा मान राखणं आपण ईमानाचा भाग मानतो. कायद्याची मागणी त्याहून कमी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात करमणूक ही 'सेवा' धरली आहे, म्हणजे तिकीट काढणारा ग्राहक ठरतो. तान्हं मूल असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं नाकारता येतं, पण पिण्याचं पाणी मोफत द्यावं आणि बाळाचं खाणं अडवू नये, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

दाजी म्हणाले, "एवढ्यासाठी कुठं फोन करता?" आम्ही बाकीच्यांनी तिकिटं केव्हाच फेकली होती. आपानं तिची दोन्ही पर्समध्ये ठेवली होती, फोन करताना तीच समोर धरली. तक्रार नोंदवली आहे, उत्तर यायचंय. भाची मात्र रोज विचारते, हरणं बघायला परत कधी जायचं.