उभ्यानं ऐकणं

पुण्यात डिसेंबरात गाणं ऐकायला जायचं म्हणजे सतरंजी, शाल, थर्मास आणि पोळीभाजीचा डबा, अशी आमच्या घरची व्याख्या. भीमसेनजींनी 1953 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव बाबांनी रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षं मांडी घालून ऐकला. त्यांच्या शेजारी मी बहुतेक वेळ झोपलेली असायचे. जाग यायची ती टाळ्यांनी.

म्हणून एनएच7 वीकेंडरला निघताना मी सवयीनं शाल पिशवीत टाकली. 2010 साली हा महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि डिसेंबरातल्या सतरंज्यांना एक बिनसतरंजीचा शेजारी मिळाला.

"बसायची सोय काय आहे?" बाबांनी विचारलं.

"नाही. उभ्यानंच."

"किती वेळ?"

"सात-आठ तास."

"मग तुम्ही ऐकता कधी?"

मी हसून निघाले. प्रश्न मात्र सोबत आला.

मला 'इंडियन ओशन' हा बँड ऐकायचा होता, बाकीचे सगळे वाटेतले. 2000 साली त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम आला, तेव्हा हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॅसेटवरून तो आमच्या मजल्यावर पसरला. त्याआधीचा 'डेझर्ट रेन' तर दिल्लीच्या थंडीत, उघड्यावर, सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातच ध्वनिमुद्रित झालेला. म्हणजे या मंडळींना मोकळं आभाळ नवं नव्हतं. नवं होतं ते मला. दहा वर्षं उशी तोंडावर घेऊन ऐकलेलं गाणं हजारो लोकांच्या घामाच्या वासात कसं लागेल, याची थोडी धास्तीच होती.

आणि असीम चक्रवर्ती आता नव्हता. तबला वाजवता वाजवता गाणारा, रॉक बँडच्या स्टेजवर मांडी घालून बसणारा तो माणूस 2009 च्या नाताळाच्या दिवशी गेला. कॅसेटवरचा जो आवाज मी आपला मानला होता, तो प्रत्यक्ष ऐकायचा राहूनच गेला. हे माझंच आळशीपण. ते पुण्यात यायचे तेव्हा दर वेळी परीक्षा, पाहुणे, पाऊस असं काहीतरी निघायचं.

मैदानावर गेल्यावर कळलं की ऐकण्याची जागा इथेही हेरावी लागते. सवाईत बाबा खांबाच्या आड बसत नसत. इथे ध्वनियंत्रणेचं टेबल ज्या तंबूत असतं, त्याच्या जवळ उभं राहावं. त्या टेबलावरचा माणूस स्वतःच्या कानांना गोड लागेल असा आवाज लावतो, त्यात आपलंही भागतं. फार मागे गेलं तर गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, त्यामुळे शंभर मीटरवरून ड्रमवर काठी पडताना आधी दिसते आणि ठोका मागाहून येतो. वीज आणि गडगडाटासारखं. धूळ इतकी की शाल शेवटी नाकाला बांधली. आजूबाजूच्या पोरांना ती फॅशन वाटली असावी. एकीनं कुठून घेतली म्हणून विचारलंसुद्धा.

दिवे पडले. राहुल राम बेस घेऊन पुढे आला, तेच केस, तेच गडगडाटी हसू. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. पहिल्या दोन गाण्यांत मी खरं तर ऐकत नव्हते, तुलना करत होते. हे वाईट खोड आहे आणि ती मी बाबांकडून घेतली आहे.

मग 'मा रेवा' सुरू झालं. नर्मदेच्या काठचं हे लोकगीत. राहुल रामनं नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं काढली होती, तिथून ते बँडमध्ये आलं. बेसचा पहिला स्वर कानात आलाच नाही, बरगड्यांत आला. टाचांखालची जमीन हलली. आणि सगळं मैदान उड्या मारू लागलं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं मणिबेली पहिल्यांदा बुडालं. त्या नदीच्या गाण्यावर प्लास्टिकचे ग्लास उंचावून नाचणं मला खटकलं. मग वाटलं, नदीकाठच्या माणसांना तरी नाचायचं वावडं कुठे होतं? नदीच्या आनंदाचंच गाणं आहे ते. पूर्ण पटलं नाही, तरी नाचले. इतकी नाचले की डाव्या गुडघ्यानं पुढचे चार दिवस हिशेब मागितला.

शेवटाकडे 'कंदिसा'. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना. तिची भाषा त्या मैदानावर बहुधा कुणालाच येत नव्हती. सुरुवात संथ, जवळजवळ आलापासारखी. उड्या थांबल्या. हिमांशूनं स्वर लावला आणि असीमची जागा जिथे यायची तिथे आजूबाजूचे लोक आपसूक गाऊ लागले, कुणी सुरात, कुणी बेसूर. माझ्या पुढचा टक्कल पडलेला गृहस्थ डोळे मिटून एक हात हवेत फिरवत होता. अगदी बाबांसारखा. उजव्या हाताची बोटं मांडीवर आपटायची, तर इथे मांडी नाही म्हणून पँटच्या खिशावर.

माझ्याही लक्षात आलं, बराच वेळ माझी बोटं पिशवीच्या पट्ट्यावर ठेका धरत होती. तुलना केव्हाच थांबली होती.

रात्री उशिरा घरी पोचले. बाबा जागेच होते. शाल धुळीनं मातकट झालेली पाहून काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तबला होता म्हणालीस ना?"

"होता."

"समेवर येत होता?"

"येत होता, बाबा."

"मग ठीक," म्हणाले आणि दिवा मालवायला उठले.