शिल्प आणि आकाश

पुतळा म्हणजे हुबेहूब चेहरा, ही समजूत आपल्या घरोघरीं दृढ आहे. "अगदीं बोलेल असा वाटतो!" एवढें म्हणून आपण पुढें जातों. तो कोणत्या द्रव्याचा आहे व कोठें उभा आहे, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. आधुनिक शिल्पकारांचा भर नेमका या दोन गोष्टींवर असल्यामुळें त्यांच्या कृति आपणांस दुर्बोध भासतात. आमच्या मतें त्यांचें मर्म वाटतें तितकें परकें नाहीं.

आमच्या पलूसशेजारींच किर्लोस्करवाडी आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंगांतील भेद नीट ओळखतां येईनात म्हणून ते यंत्रविद्येकडे वळले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनीं कारखाना वसविला. ओतकामांत लाकडी नमुना वाळूंत दाबतात. तो काढून घेतला कीं त्याच्या आकाराची पोकळी उरते, व लोखंडाचा रस तींत ओततात. म्हणजे वस्तूच्या आधीं तिची पोकळी जन्मास येते! वेदान्तांतील घटाकाशाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतों. शिल्पकारासही आकाश हें दगडमातीइतकेंच द्रव्य आहे.

किर्लोस्करांस आश्रय देणारे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उघडलें. तेथें हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें 'माता व बालक' हें दगडी शिल्प आहे. मूर (१८९८–१९८६) हा कोळशाच्या खाणींतील कामगाराचा मुलगा. आधीं मातीचा नमुना करावा व मग कारागिरानें तो दगडांत उतरवावा, ही रीत सोडून त्यानें तरुणपणीं स्वतःच छिन्नी हातीं धरली. दगडास त्वचेचा मऊपणा आणूं नये, दगडानें दगडच राहावें, हा त्याचा आग्रह. पुढें त्यानें मूर्तींत आरपार छिद्रें ठेविलीं, आणि पलीकडचें आकाश मूर्तीचाच भाग झालें.

यांत नवल तें काय? वेरूळचें आठव्या शतकांतील कैलास लेणें शिखरापासून पायाकडे खोदीत आणलें. जेथील दगड काढला, तेंच त्याचें प्रांगण झालें. मुंबईंत जन्मलेल्या अनीश कपूर यांचें शिकागो येथील 'क्लाउड गेट' २००६ सालीं पूर्ण झालें. त्याच्या आरशासारख्या पोलादांत सारें नगर व वरचें आकाश उमटतें.

आतां आपल्या चौकांकडे पाहावें. वर्गणी जमते, चेहरा जुळतो, चौथरा उंच होतो. पण मुख तारांच्या जाळ्यांत व फलकांच्या आड जातें, सिमेंटावर पितळेचा रंग चढतो, आणि दर्शनासाठीं क्षणभर उभें राहण्यास जागा उरत नाहीं. ज्यांचा गौरव करावयाचा, त्यांची ही उपेक्षाच नव्हे काय?

म्हणून पुढच्या वेळीं वर्गणी मागणारे दारीं आले, तर ती आनंदानें द्यावी. पण पुतळा कशाचा, कोठें, आणि भोंवतीं मोकळें किती, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. तसेंच सुटींत मुलांस औंधास न्यावें, आणि त्या माउलीकडे केवळ समोरून न पाहतां जमेल तितक्या बाजूंनीं पाहण्यास सांगावें. देवळांत प्रदक्षिणा घालणाऱ्यांस हें निराळें शिकविण्याची गरज पडूं नये.