मधली धार

एप्रिलात खरड छाटणी उरकली की इंदापूरकडच्या शेळगावातला द्राक्षाचा मांडव उघडाबोडका दिसतो. त्याआधी महिना-दोन महिने बागाईतदार याच मांडवाखाली मणी चिरडून गोडी मोजत फिरलेला असतो. गोडी भरल्याशिवाय व्यापारी घडाला हात लावत नाही.

फ्रान्समध्ये कोन्याक ब्रँडीच्या मुलखात नेमकं उलटं. तिथल्या जवळजवळ सगळ्या बागा उन्यी ब्लाँ जातीच्या, आणि घड तोडायचा तो आंबटपणा शाबूत असतानाच. त्याची वाइन होते पातळ, आंबट, जेमतेम नऊ-दहा टक्क्यांची. पिणाऱ्याला ती रुचणार नाही, पण ब्रँडीला तीच लागते. तिच्यात गंधक घालायला बंदी आहे. भट्टीवर चढेपर्यंत तिला आंबटपणाच सांभाळतो.

बाग घरची, तशी भट्टीही घरची, अशी कितीतरी कुटुंबं तिथं आहेत. तांब्याचं भांडं, खाली उघडा जाळ, वर वाकत गेलेली नळी. वाइन दोनदा उकळायची. दुसऱ्या खेपेचा एक घाणा सुमारे बारा तास चालतो. जुनी माणसं भट्टीशेजारीच खाट टाकून रात्र काढत. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक. तिथं ती बाजूला काढतात, नाकाला झोंबते म्हणून. शेवटची जड धारही वेगळी. ठेवायची ती मधली, सत्तर टक्क्यांच्या आसपासची. मापक असतो, पण शेवटचा शब्द नाकाचा. काहिलीतले बुडबुडे पाहून गुळव्या 'उतरवा' म्हणतो, तसा हा माणूस धार तोडतो. बापाशेजारी बसून येणारी ही विद्या मला फार मोलाची वाटते.

नऊ लिटर वाइनमागे लिटरभर अर्क, पाण्यासारखा नितळ. रंग चढतो तो ओकच्या पिंपात. तिथं किमान २ वर्षं. एक्सओ दर्जाची म्हणवून घ्यायला २०१८ पासून १०.

इंदापूर-बारामतीत द्राक्षं आहेत, तसा ऊसही. आणि देशात ब्रँडी म्हणून खपते ती बहुतेक मळीच्या स्पिरिटची. सर्दीनं बेजार पोराच्या छातीला घरोघरी चोळली गेली, तीही बहुधा उसाचीच. द्राक्षासाठी राबणाऱ्या मुलखाला याची खंत वाटायला हवी. नाशिकच्या सुलानं जानुस ही अस्सल द्राक्षाची ब्रँडी काढून दाखवलीच आहे. शेळगावात कुणी एकरभर आंबट जात लावायची म्हटली, तर परवान्याचे हेलपाटे आलेच. शिवाय पहिला अर्क पिंपात जायला तीन-चार पावसाळे आणि बाहेर यायला आणखी दोन. तोवर त्या आंबट घडांना बाजारात गिऱ्हाईक नाही.