शिळा शीरखुर्मा

मुलांनो, रमजान ईदला तुमच्या घरी शीरखुर्मा होतो. पण दुसऱ्या दिवशी उरलेला शीरखुर्मा गरम कसा करतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

आम्ही मुळशी तालुक्यातील घोटावडे गावी राहतो. शेजारच्या काकू दर उन्हाळ्यात हाताने शेवया करतात, खाटेवर वाळवतात आणि त्यांतल्या थोड्या आम्हांला देतात. आमचा शीरखुर्मा त्याच शेवयांचा असतो.

एका ईदला काकू परगावी होत्या. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. अम्मीने त्यांच्यासाठी फ्रिजमध्ये शीरखुर्मा राखून ठेवला होता. मी घाईघाईने पातेले मोठ्या आचेवर ठेवले आणि पळीने जोरात ढवळले. तळाशी दूध करपले. शेवयांचा लगदा झाला. काकूंनी मुकाट्याने वाटी संपवली. मला मात्र मान वर करवेना. त्यांची उन्हातली मेहनत मी पाच मिनिटांत वाया घालवली होती.

गंमत म्हणजे मी शाळेत विज्ञान शिकवते! शेवयांत पिष्ट असते. उर्दूत तुम्ही त्याला नशास्ता म्हणता. शिजलेल्या शेवया पातेल्यातही दूध शोषत राहतात. म्हणून शीरखुर्मा घट्ट होतो आणि शेवया फुगून नाजूक होतात. जोरात ढवळले की त्या तुटतात.

अम्मीने मला रीत दाखवली. आधी थोडे दूध वेगळे तापवावे. ते शीरखुर्म्यात घालून मंद आचेवर तळापासून हलकेच ढवळावे. पाहुणे उशिरा येणार असतील, तर आटवलेले दूध आणि भाजलेल्या शेवया वेगळ्याच ठेवाव्यात. शेवयांचा उपमा उरला असेल, तर त्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. वाफेने तो पुन्हा मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. लागेल तेवढेच काढा आणि चांगले वाफाळेपर्यंत गरम करा. नासलेले अन्न उकळून चांगले होत नाही. काही जंतूंचे विष उकळल्यावरही उरते.

पुढच्या ईदला मी काकूंना मुद्दाम दुसऱ्या दिवशीही बोलावले. वाटी रिकामी करून त्या म्हणाल्या, "पोरी, अजून थोडा वाढ गं!"

मुलांनो, अन्न शिळे झाले, तरी त्यामागचे कष्ट शिळे होत नाहीत.