दुसरा खेळ

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत डॉक्युमेंटरी दाखवायची म्हटलं की साठी ओलांडलेली माणसं आधी हसतात. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी ‘फिल्म्स डिव्हिजन’चं काहीतरी लागायचं. कुठे पूर, कुठे कालवा, कुठे मंत्र्याच्या हातची फीत. तेवढ्यात बाहेर जाऊन निवांत विडी ओढून यायची. ही संस्था १९४८ साली निघाली. तिची फिल्म दाखवणं ही थिएटरच्या परवान्यातलीच अट होती, आणि भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. सक्तीने समोर येणाऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवायला लोक लवकर शिकतात. त्यात त्यांचा दोष नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. त्या विडीच्या वेळात चांगल्या फिल्मा निघून गेल्या. एस. एन. एस. शास्त्रींची ‘आय ॲम ट्वेंटी’ १९६७ सालची. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, तेव्हा वीस वर्षांच्या झालेल्या पोरापोरींना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलंय, देशाबद्दल काय वाटतं? कोणी स्वप्नं सांगतं, कोणी सरळ सांगतं की काही वाटत नाही. सरकारी पैशातून निघालेल्या फिल्ममध्ये असं उत्तर ठेवायला छाती लागते. वीस मिनिटांच्या आतबाहेरची ही फिल्म मी कॉलेजच्या पोरांना दरवर्षी दाखवतो, आणि दर खेपेला कोणीतरी विचारतं, “सर, हे लोक आता कुठे असतील जी?” आता ते ऐंशीला टेकलेत.

तसं पाहिलं तर आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच खऱ्या घटनेच्या चित्रणाने झाली. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो सोहळा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर बारा वर्षांनी आला.

तर माझं काम असं: प्रोजेक्टर, पडदा, दोन बॉक्स आणि हार्ड डिस्क घेऊन अहेरी, आलापल्ली, नागेपल्ली आणि पलीकडे सिरोंचा-जिमलगट्ट्याकडे जमेल तिथे डॉक्युमेंटरी लावायची. जुने, गाजलेले, विसरलेले सिनेमे पाळीपाळीने पुन्हा लावणारी थिएटरं मोठ्या शहरांतून असतात. पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या सोसायट्या आहेत. अहेरीत यातलं काही नाही. पण त्या थिएटरांची एक रीत मी इथे चालवतो, आणि माझ्या मते या धंद्यातली तीच खरी कला आहे. फिल्म एकदा दाखवून निघून जायचं नाही. दुसऱ्यांदा लावायची.

पहिल्या खेळाला माणूस फिल्म पाहत नाही, तो तिची चौकशी करतो. हे कुठलं गाव, ही बाई कोण, हे कोणी काढलं, यात आपल्याला काय विकायचंय? सरकारी योजनेचं आहे का? कोणत्या पक्षाचं? चाळीस मिनिटं यातच जातात. दुसऱ्या खेळाला हे सगळं मिटलेलं असतं. मग डोळे मोकळे होतात. शिवाय झाडीपट्टीच्या माणसाला दुसऱ्यांदा पाहण्याचं वावडं नाही. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या हंगामात वडशाच्या कंपन्यांची नाटकं सुरू होतात. पाहिलेलं नाटक पुन्हा पाहायला लोक शेकोटी पेटवून पहाटेपर्यंत बसतात. गोष्ट ठाऊक असते. तरीही कोणता नट कुठल्या जागी काय करतो यासाठी बसतात. डॉक्युमेंटरीला असाच प्रेक्षक हवा असतो, आणि तो इथे तयार बसलेला आहे.

आता हत्यारांबद्दल थोडं. पडदा मांजरपाटाचा, आठ बाय सहा, चारही कडांना हातभर काळं कापड शिवलेलं. काळ्या किनारीने चित्र उठून दिसतं, हे पैसे न लागता मिळणारं ल्युमेन आहे. खालची कड बांबूला बांधून त्यावर रेतीची पोतडी ठेवायची, नाहीतर वारा सुटला की पडद्यावरच्या माणसाचं पोट फुगतं आणि लहान पोरं तासभर तेवढंच पाहतात. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर एवढ्या पडद्याला पुरतो, पण अंधार पुरा हवा. खेड्यात खरा शत्रू म्हणजे ग्रामपंचायतीसमोरचा सोलर दिवा. त्याला बटण नसतं, अंधार पडला की तो आपोआप लागतो. म्हणून शिडी आणि एक रिकामं पोतं माझ्या सामानात कायम असतं.

आवाजाची गोष्ट त्याहून नाजूक. मंडपवाल्याचे बॉक्स लग्नाच्या डीजेसाठी लावलेले असतात, बेस पोटात घुमेल असा. डॉक्युमेंटरीतला आवाज मात्र जागेवर टिपलेला असतो. वारा, बकऱ्या, आणि त्यात हळू बोलणारी म्हातारी. डीजेच्या सेटिंगवर त्या म्हातारीच्या शब्दांचा चिखल होतो. बेस जवळजवळ बंद करायचा, मधला पट्टा वर घ्यायचा, बॉक्स जमिनीवरून उचलून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर पडद्याला लागून ठेवायचे. मंडपवाला दर वेळी म्हणतो, “मजा नाही येत जी असा आवाज.” मी म्हणतो, नको येऊ दे. जनरेटर इमारतीमागे, वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब वायर टाकून. हे सगळं नीट जमलं की मगच फिल्मवर बोलायचा हक्क मिळतो. शहरातले फिल्म क्लबवाले चर्चेची तयारी फार करतात, आवाजाची कमी.

भाषेचा बंदोबस्त वेगळा. सबटायटल बहुतेक इंग्रजीत, आणि समोर माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी बोलणारे, मुलचेऱ्याकडे गेलो तर बंगालीही. म्हणून आम्ही वाचक ठेवतो. कॉलेजची एक मुलगी माइक घेऊन पडद्याच्या कडेला बसते आणि मधल्या मोकळ्या जागांत सांगत जाते. जपानमध्ये मूकपटांच्या काळात असे बेन्शी असत आणि लोक नटापेक्षा बेन्शीच्या नावावर तिकीट काढत. आमचा नियम उलटा आहे: वाचकाने जितकं कमी बोलता येईल तितकं बोलायचं. गाण्यावर नाही, रडण्यावर नाही, कोणी गप्प बसलं असेल तर त्या गप्पपणावर तर मुळीच नाही. दुसऱ्या खेळाला तिचं बोलणं आपसूक निम्म्यावर येतं.

आणि मग क्रम. कोणती फिल्म कोणत्या फिल्मनंतर लावायची यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ १९८५ चा, मुंबईतल्या झोपड्या पाडण्याबद्दलचा. त्यात विलास घोगरे नावाचा शाहीर गातो. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ चा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी स्वतःच्या घरात जीव दिला. पटवर्धन पुढची चौदा वर्षं ही फिल्म करत राहिले. ती तयार झाल्यावर २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लोकांसमोर लावली. हे मला फार योग्य वाटतं.

मी हे तीन बैठकांत लावतो. आधी ‘हमारा शहर’. मग ‘जय भीम कॉम्रेड’, तीन तासांच्या वर, मध्ये फक्त चहापुरती सुट्टी. दोन रात्रींत तोडून दाखवा असं बरेच जण सुचवतात, पण पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्यांना तीन तासांचं भय घालू नये. आणि तिसऱ्या बैठकीला पुन्हा ‘हमारा शहर’. पहिल्यांदा तो शाहीर म्हणजे गाणारा एक माणूस असतो, फिल्ममधला एक तुकडा. तिसऱ्या बैठकीला तो गायला लागला की पुढच्या रांगेतली कुजबुज थांबते, कारण आता प्रेक्षकाला त्याच्याबद्दल ते ठाऊक आहे जे त्या वेळी त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. फिल्मची एक चौकटही बदललेली नाही. हा परिणाम पटवर्धनांनी आखलेला नाही, मीही नाही. तो क्रमातून येतो. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा दिली, त्यामुळे ऑक्टोबरात आमच्याकडे या बैठकांना वेगळं सांगून माणसं गोळा करावी लागत नाहीत.

सिरोंच्याकडे ‘नर्मदा डायरी’ लावतो. पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांची, १९९५ ची. नर्मदेच्या खोऱ्यातली गावं आणि सरदार सरोवराचं पाणी. इथल्या माणसाला धरण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ऐंशीच्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध बाबा आमटेंसोबत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत चाललेली माणसं अजून आहेत. पुढे १९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा इथल्या नद्यांचा आणि नर्मदेचा संबंध आमच्या पिढीला कळला. ती धरणं झाली नाहीत. मेडीगड्डाचं धरण मात्र झालं. २०१९ ला उद्घाटन, २०२३ च्या ऑक्टोबरात खांब खचले, आणि मधल्या काळात अलीकडच्या काठाच्या शेतकऱ्यांनी बुडालेल्या शेतीसाठी मोर्चे काढले. पहिल्या खेळानंतर चर्चा फक्त मोबदल्याची होते, एकरी किती आणि कोणाला मिळाला. होऊ द्यावी. दुसऱ्या खेळाला मात्र एका म्हाताऱ्याने मला फिल्म थांबवायला लावली. साहेब बोलत होते त्या जागी नव्हे. मागे एक बाई घराचा कवेलू काढून खाली देत होती, तिथे. “ते पुन्हा दाखवा जी.” मी मागे नेऊन दाखवलं. त्याला त्यावर काही बोलायचं नव्हतं.

कधी कधी दुसरा खेळ फिल्मला वाचवतो. स्वीडनच्या अर्ने सुक्सडॉर्फने १९५७ साली बस्तरच्या मुरियांवर रंगीत फिल्म काढली. इंग्रजीत तिचं नाव बासरी आणि बाण अशा अर्थाचं आहे, संगीत रविशंकरांचं. गढबेंगालचा चेंदरू नावाचा पोरगा त्यात वाघाबरोबर खेळतो. पोराला पुढे स्वीडनला नेलं, तो परत आला, गावातच आयुष्य काढलं आणि २०१३ मध्ये गेला. त्याचं नारायणपूर आमच्या भामरागडला लागून आहे, मध्ये फक्त जंगल. पहिल्या खेळाला आमच्या लोकांनी पाचव्या मिनिटाला निकाल दिला: हे करून घेतलेलं आहे. खरंच आहे. सुक्सडॉर्फने बरंच रचून घेतलं होतं. दुसऱ्या खेळाला ती रचना कोणी पाहिलीच नाही. माळांचे पदर, धनुष्याची दोरी कुठे बांधलीय, घराच्या भिंतीचं लिंपण आणि आता दिसत नाहीत अशी झाडं किती जाड होती, एवढंच पाहिलं. बायका तर माळांवरून भांडल्या. माझ्या मते दिग्दर्शक म्हणून सुक्सडॉर्फ इथे नापास झाला, कॅमेरामन म्हणून पहिला आला.

परवानगीचं रडगाणं गात नाही. स्वतंत्रपणे काम करणारे बहुतेक दिग्दर्शक पत्र लिहिलं की आनंदाने परवानगी देतात. मोठ्या ओटीटी कंपन्यांकडून ती मिळवणं वेगळं. कमलापूरला हत्ती कॅम्प आहे. तिथल्या माहुतांसमोर ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ लावायची फार इच्छा आहे. अजून जमलेलं नाही. पोलीस ठाण्यात आधी कळवायचं, रस्ता जंगलातला असेल तर खेळ लवकर संपवायचा, हे इथलं नेहमीचं आहे.

या जिल्ह्यात कॅमेरे कमी येत नाहीत. नक्षल, बांबू, हत्ती, सूरजागडची खाण, मेंढा-लेखाची ग्रामसभा, हेमलकसा. बाहेरची मंडळी येतात, आठ-पंधरा दिवस चित्रण करतात, जातात. फिल्म दिल्लीत लागते, ॲमस्टरडॅमला लागते, बक्षीस मिळालं तर पेपरात बातमी येते. ज्याच्या अंगणात कॅमेरा लावला होता त्याने ती पाहिलेली नसते. तेव्हा ज्यांनी ज्यांनी इथे येऊन काही चित्रित केलं आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. एक प्रत आम्हाला पाठवा, पेन ड्राइव्हवर चालेल, सबटायटल नसली तरी चालेल, वाचक आमच्याकडे आहे. जमलं तर स्वतः या, आणि आलात तर एका खेळानंतर निघू नका. दुसऱ्या खेळाला थांबा.