निफाडच्या थंडीला पुरून उरलेली

निफाडची थंडी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तो आकडा छापून येतो. 2018 च्या डिसेंबरात तो दोन अंशांच्या आसपास आला होता. अशा पहाटे द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. आणि घरात वळणीवरची गोधडी खाली उतरते.

ती दिसायला देखणी असेलच असं नाही. एका बाजूला गर्द हिरवं लुगडं, दुसऱ्या बाजूला विटलेलं जांभळं, मध्येच कुणाच्या तरी सदऱ्याचं ठिगळ. वजनाला चांगली भारी. पहिल्यांदा अंगावर घेतली तर गारच लागते. ब्लँकेटासारखं लगेच लाडात येणं तिच्या स्वभावात नाही. थोडा वेळ तिच्याखाली निजावं लागतं. मग थराथरांत कोंडलेली हवा आपल्याच अंगची ऊब धरून ठेवते आणि पहाटेपर्यंत सोडत नाही. तिचं ते वजनही हवंसं वाटू लागतं. लहान मूल हलक्या पांघरुणात चुळबुळत राहतं आणि गोधडीखाली शांत होतं, हे घरोघरच्या आयांना माहीत आहे.

तिचा जन्म उन्हाळ्यातला. गहू, कांदा घरात आला आणि बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळाली, की जुनी कापडं धुऊन वाळवली जातात. सुती नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. अशी दोन-तीन लुगडी, एखादं धोतर, आतल्या थरांना फाटकंतुटकं. सारवलेल्या अंगणात ते पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि हातानं सुरकुत्या बाहेर काढायच्या. कडेनं लांब टाके घालून थर जागच्या जागी धरले की खरं शिवण सुरू होतं. शिवणारी गोधडीवरच बसते, तिच्याच भारानं कापड ताणलेलं राहतं. कडेपासून सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकतो. टाका लहान आणि सारखा पडला तर गोधडी वर्षानुवर्षं टिकते, लांब पडला तर दोन धुण्यांत आतला थर गोळा होतो. म्हणून जाणती बाई गोधडीचा रंग पाहत नाही, उलटी करून टाका पाहते. शेजारणी मदतीला बसतात तेव्हा एकाच गोधडीत चार हातांचे टाके येतात आणि कुठला कुणाचा ते त्या पुढं कित्येक वर्षं ओळखतात.

तिचा गोतावळा मोठा आहे. बाळंतविड्यातलं दुपटं ही तिची धाकटी लेक. ते मुद्दाम जुन्या, मऊ झालेल्या कापडाचं करतात, कारण नवं कापड तान्ह्याच्या अंगाला टोचतं. कोल्हापूर-साताऱ्याकडं तिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडं कानडी मुलखात कौदी. तिथं काही घरांत शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा ठेवतात, कौदी उपाशी राहू नये म्हणून. बंगालातला कांथाही याच रक्ताचा. शेजारच्या येवल्यात पैठणी विणली जाते. तिला मान आहे, किंमत आहे, भौगोलिक मानांकन आहे. पण पैठणी वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येते आणि गोधडी रोज रात्री कामावर असते. मला विचाराल तर दोघींत मोठी कोण हे ठरवायला मी एक क्षणही घेणार नाही.

द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाण्याकडून मजुरांची कुटुंबं निफाड तालुक्यात येतात. त्यांच्या बोचक्यात भांडी असतात, पीठ असतं आणि गोधडी असते. बहुतेक वेळा बोचकं बांधलेलंच तिच्यात असतं. रात्री ती अंथरूण-पांघरूण, दिवसा बागेच्या कडेला झाडाला बांधलेली झोळी. घटस्थापनेच्या आधी मात्र तिला सक्तीची अंघोळ. कादवेच्या, गोदावरीच्या काठी खडकांवर आपटून, पिळून वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या की एकेका घराचा सगळा संसार उन्हात मांडलेला दिसतो.

तिच्यावर संकट आलं ते थंडी कमी झाली म्हणून नव्हे. सुती लुगडं गेलं, सहावारी पॉलिएस्टर साडी आली. ती साडी सुईखाली घसरते, घाम टिपत नाही आणि कितीही धुतली तरी मऊ होत नाही. आजी गेल्यावर तिची लुगडी उरायची, त्यांची गोधडी व्हायची आणि नातवंडं ती वाटून घ्यायची. आता तसं कापडच घरात उरत नाही. शिवाय बाजारात स्वस्त, मऊमऊ ब्लँकेटं ढिगानं मिळतात. त्यांना टाका लागत नाही आणि आठवणही लागत नाही.

अलीकडं शहरांतून गोधडीला भेटवस्तू म्हणून मागणी आहे. प्रदर्शनांत ती घडी घालून, फीत बांधून ठेवलेली दिसते. मला याचा आनंदच आहे. लग्नात, बारशाला यंत्रावर ठोकलेल्या वस्तूंपेक्षा ही द्यावी. मात्र त्यातल्या कित्येक गोधड्या नव्या छापील कापडाच्या आणि मशीनवर शिवलेल्या असतात. त्या गोधड्या नाहीत, रजयांची नक्कल आहे. हातानं शिवलेल्या मोठ्या गोधडीला एकटीनं बसलं तर कित्येक दिवस जातात, मान आणि डोळे दुखतात. बोटाला सुईचे घट्टे पडतात ते वेगळेच. तरीही ती विकत घेताना लोक भाजीसारखा भाव करतात.

घरात सुती लुगडं, धोतर उरलं असेल तर भांडीवालीला देऊ नका. गावात गोधडी शिवणारी बाई शोधा, तिला ते कापड द्या आणि नातवाच्या नावानं एक गोधडी शिवून घ्या. मजुरी मात्र नगावर ठरवू नका, दिवसांवर ठरवा. द्राक्षबागेत छाटणीला, विरळणीला बाईला दिवसाचा जो रोज मिळतो, त्यापेक्षा एक रुपयाही कमी देऊ नका.