घाटावरचे रडणे

वय झाले, आवाज बसला, म्हणून गेली सहा वर्षे कीर्तनाला उभा राहत नाही. आळंदीत मुलाच्या घरी असतो. वरच्या खोलीत आसामकडची दोन मुले भाड्याने राहतात. चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातात, मला बाबा म्हणतात, एकादशीला न सांगता फळे आणून ठेवतात.

गेल्या 19 सप्टेंबरची गोष्ट. पितृपक्षातली त्रयोदशी, शुक्रवार होता. संध्याकाळी त्यांच्यातला धाकटा जिन्यात बसून रडत होता. मला वाटले, घरून काही वाईट कळले. विचारले तर म्हणाला, "बाबा, झुबीनदा गेले." कोण हे झुबीनदा? आसामचे गायक झुबीन गर्ग. कार्यक्रमासाठी सिंगापूरला गेले होते, तिथे समुद्रात पोहताना जीव गेला. वय अवघे 52.

माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, सिनेमात गाणारा माणूस. घरचे कोणी गेल्यासारखा काय रडतोस?"

तो रागावला नाही. तोडक्या हिंदीत एवढेच म्हणाला, "बाबा, घर सोडून इकडे आलो तेव्हा घरातले तेवढेच बरोबर आणले होते." आणि न जेवता वर गेला.

रविवारी सर्वपित्री अमावास्या. मी पितरांना पान वाढून बसलो होतो. त्याच दिवशी झुबीन यांचा देह गुवाहाटीला पोहोचला. मुलाने मोबाइलवर मला ते दृश्य दाखवले. विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता माणसांनी भरून गेलेला. सरुसजाईच्या क्रीडासंकुलात देह दर्शनाला ठेवला, तिथे दिवसरात्र रांग. म्हातारे होते, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया होत्या, चहाच्या मळ्यातले मजूर होते, हिंदू होते, मुसलमान होते. गळ्यात लाल काठाचा पांढरा गामोसा, जसे आपले उपरणे. आषाढीच्या दर्शनबारीत मी आयुष्य काढले आहे. रांगेत ताटकळलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. हे चेहरे उत्सव बघायला आलेल्यांचे नव्हते.

तरी मनात अढी होतीच. कारण त्याच मुलाने सांगितले होते की हे गायक व्यासपीठावरून उघड म्हणत, मला जात नाही, धर्म नाही, देव नाही. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस असे बोलतो आणि भाविक प्रदेश त्याच्यासाठी धाय मोकलून रडतो, हे मला उलगडेना.

आणि आसाम भाविक आहेच. शंकरदेवांचा तो मुलूख. 1449 ते 1568 हा त्यांचा काळ धरतात, म्हणजे आपल्या नाथमहाराजांच्या तरुणपणी ते हयात होते. त्यांच्या पंथाचे नामघर गावोगाव असते. तिथे मूर्ती नसते, आसनावर ग्रंथ असतो आणि त्यापुढे खोल व ताल घेऊन नाम गातात. आपल्याकडे पखवाज आणि टाळ, तिकडे खोल आणि ताल, एवढाच फरक. ज्या लोकांना नाम सामुदायिक गायची 500 वर्षांची सवय, त्यांच्या गळ्यात गाणे लवकर उतरते आणि तिथून सहज निघत नाही.

मग मुलाने आणखी सांगितले. 1992 साली पहिला संच आला तेव्हापासून झुबीन गात होते. 'या अली' या 2006 सालच्या हिंदी गाण्याने देशभर नाव झाले, पण आसामी गाणे त्यांनी सोडले नाही. 2002 साली त्यांची धाकटी बहीण, तीही गायिका, रस्त्यावरच्या अपघातात गेली, तेव्हा त्यांनी तिच्या आठवणीत गाण्यांचा संच काढला. करोनाच्या साथीत, 2021 साली, गुवाहाटीतले आपले दुमजली घर रुग्णांसाठी देऊ केले. देव नाही म्हणणारा माणूस घर उघडून देतो, आणि देव देव म्हणणारे आम्ही त्या दिवसांत दाराला कडी लावून बसलो होतो. ही गोष्ट मला टोचली, ती इथे लिहितो.

23 तारखेला गुवाहाटीजवळ कमारकुची येथे अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या बहिणीने अग्नी दिला. त्यांनी पूर्वी सांगून ठेवले होते, मी गेल्यावर सगळ्यांनी 'मायाबिनी' हे माझे गाणे म्हणा. लोकांनी ते म्हटले. रस्त्यांवर म्हटले, चितेपाशी म्हटले. वरच्या खोलीत चाकणची आणखी चार मुले जमली होती, तीही म्हणत होती. रडत होती आणि म्हणत होती. मी दारात उभा राहिलो. शब्द कळत नव्हते, पण हाताने आपोआप मांडीवर ठेका धरला.

आणि मला माझा पखवाजी आठवला.

31 वर्षे तो माझ्या कीर्तनाला उभा होता. मी चाल उचलायच्या आधी त्याचा हात तयार असे. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. दशक्रियेच्या घाटावर प्रवचनाला मीच उभा राहिलो. आत्मा मरत नाही, ज्ञानी माणूस शोक करत नाही, असे तासभर बोललो. समोर त्याची बायको हुंदके देत होती. मी नाव न घेता तिला उद्देशून म्हणालो की रडणाऱ्याचा भाव कच्चा. ती पदर तोंडाला लावून गप्प झाली. लोक म्हणाले, महाराज काय बोलले!

संतसज्जनहो, हे बोलणारा मी तोच, ज्याने माउलींच्या समाधीचा प्रसंग अनेकदा लावला. शके 1218, म्हणजे सन 1296. नामदेवरायांनी तो प्रसंग मांडून ठेवला आहे. निवृत्तिनाथ तर माउलींचे गुरू, सगळे जाणणारे. त्यांनाही त्या वेळी आवरले नाही. त्यांचा भाव कच्चा होता काय? कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत हा प्रसंग ऐकताना 700 वर्षांनंतरही माणसे रडतात. त्या रडण्याला मी भक्ती म्हणत आलो, आणि घाटावर एका बाईच्या रडण्याला अज्ञान म्हणालो.

गायकाला संत म्हणा, असे माझे सांगणे नाही. माणसाला देव करू नये, हे आपल्या संप्रदायाचे सांगणे मी मानतो. पण ज्याच्या गाण्याने परक्या मुलखात राबणाऱ्या पोराला घर वाटले, त्याच्यासाठी ते पोर रडले, तर त्यात चूक कुठे आहे? त्या मुलाला काही शिकवावे, असे माझ्यापाशी उरले नव्हते.

यंदा कार्तिकीला वहिनी दरवर्षीप्रमाणे आळंदीला आल्या. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी घाटावर माझे चुकले. तुम्हाला रडू द्यायला हवे होते."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी घरी जाऊन रडले हो, महाराज. पण तुम्ही कधी रडलात का त्यांच्यासाठी?"

मला उत्तर देता आले नाही. समाधीच्या दिवशी मंडपात बसलो होतो. पखवाजावर थाप पडली आणि नऊ वर्षांचे सगळे एकदम आले. शेजारच्या माळकऱ्याला वाटले, माउलींसाठी रडतो आहे. माउलींसाठीही होतेच.

तरुण कीर्तनकारांना एक विनंती करतो. दशक्रियेला उभे राहाल तेव्हा आधी घरच्यांना पोटभर रडू द्या. ब्रह्मज्ञान कुठे पळून जात नाही. मग टाळ हातात घ्या आणि गेलेल्याला जो अभंग आवडत असे तो सगळ्यांकडून म्हणवून घ्या. मुखी नाम असले आणि डोळ्यांत पाणी असले, तर पांडुरंगाला त्याची अडचण नसते.

रामकृष्ण हरी.